सातबाऱ्यावरचा जिवंत माणूस

माझ्या वडिलांना अकरा गाद्यांसकट अटक झाली तो सोमवार होता आणि बहिणीचं लग्न शुक्रवारी होतं. म्हणजे तसा वेळ भरपूर होता.

वडिलांचं नाव उखर्डू किसन पाटील. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. एदलाबाद तालुक्यातलं वडझिरी हे आमचं गाव. घरची केळी आणि कपाशी. भाऊंनी आयुष्यात कोणाची काडी उचलली नव्हती. पण त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, कापसाचा कायदा नवा होता. महाराष्ट्रातला कापूस सरकारच घेणार, तो सीमेपलीकडे नेला तर गुन्हा. आणि माझ्या बहिणीचं, बेबाचं, होणारं सासर नेमकं सीमेपलीकडे, बऱ्हाणपूरच्या अलीकडच्या एका गावात. लग्नाच्या दिवशी गाड्यांत माणसंच मावणार नाहीत, म्हणून भाऊ आंदणातल्या गाद्या आधीच पोचवायला निघाले होते.

नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली, गाद्या मोजल्या आणि विचारलं, "नवरा किती?"

"एक."

"नवरी?"

"एक."

"आणि गाद्या अकरा?"

"पाहुणे येतात," भाऊ म्हणाले.

हवालदाराला हे पटलंही असतं. उन्हात उभं राहून तो कंटाळला होता. पण कंटाळल्यामुळेच तो एका गादीवर टेकला. टेकला आणि उठला. गादीत रुई असते. भाऊंच्या गाद्यांत कापूस होता, सरकीसकट, झाडावरून उतरला तसा.

भाऊंचं म्हणणं असं की गावचा पिंजारी स्वतःच्या पोराच्या लग्नाला गेलेला, तो आठ दिवस यायचा नव्हता. तेव्हा कापूस तसाच खोळीत भरून न्यायचा आणि बऱ्हाणपूरच्या पिंजाऱ्याकडून तिकडेच पिंजून घ्यायचा. मला हे पटतं. मी त्यांचा मुलगा आहे. हवालदार त्यांचा मुलगा नव्हता.

बैलांवर गुन्हा नसल्यामुळे त्यांना सोडून दिलं. त्यांना रस्ता पाठ होता. दुपारी रिकामी गाडी आपली आपण दारात येऊन उभी राहिली. मायनं गाडीत पाहिलं, गाडीखाली पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं. बैलांनी मान खाली घातली.

"अभिमन," माय मला म्हणाली, "तुह्या बापाले काही तरी झालं. बैल खोटं बोलत नही."

तासाभरानं नाक्याकडून आलेल्या एका सायकलवाल्यानं सगळं सांगितलं. बेबा ओट्यावर हळदीचे पाटे धूत होती. तिनं एकच विचारलं, "भाऊ नसले तं कन्यादान कोन करीन?" मग हातातला पाटा उपडा घालून ती म्हणाली, "मंग मी मांडवात उभी राहत नही. लिहून ठेवा." बेबाचं एक आहे, ती लिहून ठेवा म्हणाली की खरंच लिहून ठेवायचं असतं.

मंगळवारी सकाळी मी एस.टी.नं जळगावला गेलो. कोर्टाच्या आवारात निर्मलकुमार वकील भेटले. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे; कोट मात्र वडिलांचा असावा, कारण हात दिसत नव्हते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, दोनदा "गाद्या?" असं विचारलं आणि दुपारी अर्ज लावला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही एकदा "गाद्या?" असं विचारलं आणि जामीन मंजूर केला.

"झालं तुमचं काम," वकील म्हणाले. "आता फक्त एक जामीनदार आणा. जिल्ह्यातला शेतकरी असावा, जमीन स्वतःच्या नावावर असावी, सातबाऱ्याचा ताजा उतारा बरोबर असावा. तारखेला आरोपीला हजर करायची हमी त्यानं द्यायची. एवढंच."

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "आमच्या गावात दोनशे खातेदार आहेत. एक कशाला, ट्रक भरून आणतो."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर चावडीत तलाठी अण्णांनी दप्तर उघडलं. भाऊंवर गावाचा जीव. जामीन राहायला रांग लागली. सगळ्यात पुढे सरपंच पुना पाटील, फेटा बांधून. केळीच्या चार बागा, दोन विहिरी, इंजिन.

तलाठी अण्णांनी पान उलटलं. "खातेदाराचं नाव राघो धनजी."

"माहे आजोबा," सरपंच म्हणाले.

"हयात आहेत?"

"प्लेगात गेले."

"मग जामीन त्यांनाच राहावं लागेल," अण्णा म्हणाले. "पुढचा."

पुढच्याची जमीन त्याच्या बापाच्या नावावर, बाप चौदा वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्या पुढच्याची पणजोबाच्या. एकाची जमीन अशा माणसाच्या नावावर होती की तो कोण हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याचं श्राद्ध दर वर्षी होत होतं. रांग संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरकारी कागदावर आमच्या गावात कोणी जिवंतच नाही.

यात तलाठ्याची चूक नव्हती. आमच्या गावाची रीतच तशी. बाप मेला की आम्ही त्याचं सगळं यथासांग करतो. दहावं, तेरावं, गावजेवण. पण वारसाची नोंद करत नाही. ज्यानं विहीर खणली, ज्यानं दगड वेचून वावर केलं, त्यालाच कागदावरून उठवायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं, हे आमच्याकडे शोभत नाही. बापाचं नाव खोडणारा म्हणजे बापाला दुसऱ्यांदा जाळणारा. आणि ही रीत गावात सगळ्यांत कडक कोण पाळत असेल, तर ते उखर्डू किसन पाटील.

"वडझिरी म्हणजे दोनशे सहा मयतांचं गाव," तलाठी अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "पण शेतसारा कसा वेळेवर भरतात! माझ्याकडे जिवंत माणसांची दोन गावं आहेत, त्यांच्याकडे चारचार खेटे घालावे लागतात."

"अण्णा, खाती दोनशे सात ना?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा घातला. सरपंच फेटा सोडायला लागले.

"दोनशे सातवा जिवंत आहे," अण्णा म्हणाले. "पण तो तुमच्या उपयोगाचा नाही."

तो तोताराम भिका होता.

तोतारामनानांचं वावर आमच्या वावराला लागून. बांधावर एक बाभूळ. ती बाभूळ कोणाची, यावरून नऊ वर्षांपूर्वी वाद लागला आणि नाना कोर्टात गेले. पण दावा लावायला वादी जिवंत लागतो. म्हणून नानांनी आपल्या वडिलांचं नाव कमी करून स्वतःचं लावलं. गावात असं पहिल्यांदाच झालं. भाऊंनी भर चावडीत सगळ्यांना सांगितलं, "एका बाभळीसाठी यानं बाप पुसला!" त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. गावानंही नानांकडे जाणं-येणं कमी केलं. नानांच्या थोरलीच्या लग्नात अर्धा मांडव रिकामा राहिला होता.

आणि दावा? दावा नऊ वर्षं जागचा हललेला नव्हता. कारण आमची जमीन अजून माझ्या आजोबांच्या, किसनआबांच्या, नावावर. त्यामुळे समन्स त्यांच्या नावानं निघायचं. आबा एक्कावन्न साली गेले. बेलीफ यायचा, दारात उभा राहून "किसन लहानू पाटील आहेत का?" म्हणायचा, आणि भाऊ शांतपणे सांगायचे, "बाहेर गेले हायेत." भाऊ खोटं बोलत नाहीत. बेलीफ "गैरहजर" लिहून चहा पिऊन जायचा. नऊ वर्षांत तो आमच्या घरचा माणूस झाला होता. बेबाच्या लग्नाची पत्रिका त्यालाही गेली होती.

"तोतारामच्या दारी मी जानार नही," माय म्हणाली. "माह्या भावाले तार कर."

माझे मामा रुपचंद धुळ्याला असतात. मूळचे आमच्याच बाजूचे, पण वीस वर्षं तिकडे काढल्यामुळे ते धुळेकरांपेक्षा जास्त शे-शे करतात, 'आहे' म्हणतच नाहीत. बुधवारी सकाळी जळगावच्या स्टँडवर ते एस.टी.तून उतरले ते छातीशी पत्र्याची पेटी धरून.

"काय चिंता करू नको रे भाचा," मामा म्हणाले, "मी शे ना! बठ्ठा कागद लई उनू."

बठ्ठा म्हणजे सगळा, आणि खरंच सगळा. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, स्वतःची मॅट्रिकची नापासाची गुणपत्रिका, आणि लग्नातला फोटो, ओळख पटावी म्हणून. मी इतका खूश झालो की त्यांना शेव-चिवडा खाऊ घातला. कोर्टातल्या कारकुनानं सगळे कागद पाहिले. फोटो जरा जास्त वेळ पाहिला.

"जमीन धुळे तालुक्यात?"

"हाऊ. धुळाले शे. पाच एकर."

"धुळे जिल्हा वेगळा. हा उतारा खरा की खोटा, ते धुळ्याच्या तहसीलदारानं कळवायला लागेल. आम्ही पत्र पाठवू, ते उत्तर पाठवतील."

"कधीलोंग?"

"पंधरा दिवस धरा."

"पण मी आठे उभा शे ना!" मामा टेबलावर हात आपटून म्हणाले. "मना तोंडकडे देखा ना!"

कारकुनानं मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मग प्रामाणिकपणे सांगितलं की तोंडावरून जमिनीचं काही कळत नाही.

मामांनी हार मानली नाही. त्यांच्या ओळखीचे कापसाचे व्यापारी शांतीलाल शेठ जळगावातच होते. आम्ही त्यांच्या गादीवर जाऊन बसलो. ती मऊ होती. मला उगीचच वाईट वाटलं. शेठजींनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकलं आणि हात जोडले.

"रुपचंदभाऊ, माणूस चांगला आहे म्हणता, असणारच. पण केस कापसाची. मी कापसाचा व्यापारी. मी जामीन राहिलो तर उद्या सगळं जळगाव म्हणेल, गाद्या उखर्डूच्या आणि कापूस शांतीलालचा."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. गावच्या मास्तरांनाही विचारून झालं होतं; सरकारी नोकराला वरून परवानगी लागते, आणि परवानगी देणारे साहेब स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या रजेवर. त्या आठवड्यात सगळं खान्देश लग्नात होतं. फक्त आमचंच अडलं होतं.

वडझिरीला परतलो तेव्हा मांडव घालून झाला होता. मायनं माझं तोंड पाहिलं, मामांच्या हातातली पेटी पाहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. तोतारामकडे."

तोतारामनाना गोठ्यात बैलाला कडबा टाकत होते. बारीक चणीचे, पांढऱ्या मिशा, कानात बिडी. आम्हाला पाहून त्यांनी आणखी एक पेंढी टाकली. नऊ वर्षांचा अबोला मोडायचा म्हणजे कोणी तरी आधी मोडायला हवा, आणि दोन्ही घरं पाटलांची. शेवटी त्यांनी बैलाची मान थोपटली आणि बैलालाच विचारलं, "कवड्या, आज रस्ता चुकले का रे लोकं?"

माय कवड्याला म्हणाली, "चुकले नही. काम हाये."

"कवड्या, त्याइले सांग, मले ठाऊक हाये काम. सारं गाव चावडीत मेलं म्हने काल."

"मंग सांग त्याले," माय म्हणाली, "पोरीचं लग्न परवा हाये. बाप लॉकअपमधी हाये. माह्याशी नको बोलू म्हना, पण पोरीनं याचं काय केलं?"

कवड्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याच्यावर इतकी जबाबदारी कोणी टाकली नव्हती. नानांनी कानातली बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानात ठेवली. मग ते सरळ माझ्याकडे वळले.

"तू रे पोरा. तुह्याशी माहा अबोला नही. तू तव्हा शेंबडा व्हता."

"हो नाना."

"मी राहीन जामीन."

मायनं डोळ्याला पदर लावला.

"थांब, रडू नको, पुढं आयक," नाना म्हणाले. हे त्यांनी थेट मायलाच म्हटलं, आणि कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. "एक अट हाये. उखर्डूनं वारसाची वर्दी द्यावी. बापाच्या जागी सोताचं नाव लावावं. नऊ वरसं झाले, मी कोर्टात तारखेले जातो, अन् समोर कोनी नसतं. मले उखर्डूसंगं भांडायचं हाये. किसनआबासंगं नही. किसनआबा देवमानूस व्हता, त्यानं मले खांद्यावर बसवून मुक्ताईची जत्रा दाखवली हाये. त्याच्या नावानं मी दर वख्ती समन्स काढतो तं मले घरी येऊन जेवन जात नही. त्याले म्हना, एकदाचा जिवंत हो कागदावर. मंग पाहून घेतो त्याले."

मी म्हणालो, "नाना, भाऊ मरतील पण ही सही करणार नाहीत."

"मरून काय उपेग?" नाना म्हणाले. "मेल्यावर तं त्याचं नाव लागनारच नही."

गुरुवारी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. मी, नाना आणि नानांच्या सांगण्यावरून तलाठी अण्णा, कोरी वर्दी घेऊन. नानांच्या हातात त्यांचा ताजा उतारा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सगळ्या रस्त्यात नाना एकच गोष्ट बोलले, "खिडकी लाव, धूळ येते."

लॉकअपच्या गजांमागे भाऊ मांडी घालून बसले होते. तीन दिवसांत दाढी वाढली होती. मला पाहून पहिला प्रश्न, "बैल पोचले का?"

"पोचले."

"मंग ठीक." मग हळूच, "बेबा काय म्हनते?"

"मांडवात उभी राहत नाही म्हणते. लिहून ठेवा म्हणाली."

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. मी सगळं सांगितलं. रांग, मामांची पेटी, शांतीलाल शेठ, कवड्या बैल. तोतारामचं नाव आल्यावर भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले. अट सांगितल्यावर भिंतीकडे आणखी सरकले.

"नही," ते भिंतीला म्हणाले. "मामाले सांग कन्यादान करायले. मी इथीच बसतो. मी माह्या बापाले खोडनार नही."

"भाऊ, आबा जाऊन बावीस वर्षं झाली."

"तुले काय ठाऊक आबा कोन व्हते." आणि ते सांगू लागले, मी शंभर वेळा ऐकलेलं. आबा अंगानं केवढे थोराड, दरवाज्याची चौकट त्यांच्यासाठी वीतभर उचलून बसवलेली. विहिरीचा दगड चौघांना उचलेना तो आबांनी एकट्यानं काढला. गेले तेव्हा तिरडीला दोन बांबू जास्त घालावे लागले आणि सहा जणांनी खांदा दिला. "अन् असा मानूस मी एका रेघेनं काढून टाकू? तोतारामनं टाकला. त्याचा बाप बारीक व्हता, त्याले जमलं."

नानांनी उतारा गाडीतून उतरतानाच माझ्याकडे दिला होता. तो मी वर्तमानपत्रातून काढला आणि वाचायला लागलो. वाचता वाचता थांबलो.

"भाऊ, हे बघा."

"मले नही पाहायचं त्याचं पाप."

"बघा तर. तुम्ही चौथी शिकलात ना."

भाऊंनी गजातून कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला, परत लांब. बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. "भिका... नामदेव..." बोट थांबलं. "हे तं त्याच्या बापाचं नाव. हाये इथी!"

"आहे. त्याला कंस केलाय. आणि खाली तोताराम भिका."

"खोडलेलं नही?"

"नाही."

"अण्णा!" भाऊ एवढ्यानं ओरडले की पहाऱ्यावरचा शिपाई उठून उभा राहिला. तलाठी अण्णा गजांपाशी आले. "अण्णा, हे काय? नाव पुसत नही का तुम्ही?"

"नाव कधीच पुसत नाही हो," अण्णा म्हणाले. "सरकार काही पुसत नसतं. जुन्या नावाला कंस करायचा आणि खाली नवं लिहायचं. वर बाप, खाली मुलगा. तसंच राहतं."

"मंग इतक्या वरसांत सांगितलं कामून नही?"

"मला कोणी विचारलं? वारसाचं काढलं की लोक चावडीतून उठून जात होते."

भाऊंनी कागद गुडघ्यावर ठेवला. मग गजांपलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून उभ्या असलेल्या तोतारामनानांकडे पाहिलं.

"याले ठाऊक व्हतं?"

"तोतारामले काय विचारता," नाना पाठ न वळवता म्हणाले. "त्यानं बाप पुसला ना."

नऊ वर्षांत ते एकमेकांशी बोललेलं पहिलं वाक्य हे. भाऊ उठले, गजाशी आले आणि अण्णांकडे हात पुढे केला. "आना वर्दी. पेन चांगला हाये ना? आबाचं काम हाये, उमटलं पाहिजे."

सही व्हायला वेळ लागला, कारण मधे दोनदा त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि एकदा पेन. त्यानंतर सगळं झपाट्यानं झालं. कारकुनानं नानांचा उतारा पाहिला, नानांना पाहिलं आणि विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

नानांनी विचार केला. "माहा प्रतिवादी," ते म्हणाले.

कारकुनानं पेन खाली ठेवला. निर्मलकुमार वकिलांनी कोटाच्या बाहीतून हात शोधून काढून कपाळावर मारला. मग मीच पुढे होऊन सांगितलं, "शेजारी. बांधाला बांध." कारकुनानं "शेजारी" लिहिलं. नानांनी सही केली आणि वर बजावलं, "पन हे लिहा, मी याले तारखेले आनीन. कुठीही पळू देनार नही."

हे त्यांनी फारच मनावर घेतलं. परतीच्या एस.टी.त ते भाऊंच्या शेजारी बसले, भाऊ खिडकीकडे, ते दाराकडे. भुसावळच्या स्टँडवर भाऊ लघवीला गेले तर नाना बाहेर उभे. शुक्रवारी मांडवात भाऊंच्या उजव्या हाताला मामा, डाव्या हाताला तोतारामनाना. कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "मुलीच्या आईनं इकडे बसावं," तेव्हा नाना नाइलाजानं अडीच हात सरकले, पण नजर भाऊंवरच. बेबा मांडवात उभी राहिली. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हे पांढऱ्या मिशांचे मुलीचे काका का?" मी म्हणालो, "जामीनदार." म्हातारा म्हणाला, "छान. आमच्याकडे ही पद्धत नाही."

पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मायनं नानांच्या पानात तीन वेळा तूप वाढलं, एकदाही न विचारता. जेवायला नानांचं सगळं घर आलं होतं. त्यांच्या पाठोपाठ गावानंही कोणाच्या पंगतीला बसायचं हे नव्यानं ठरवलं असावं, कारण नानांच्या शेजारची जागा मिळवण्यासाठी सरपंचांनी दोन पोरांना उठवलं. शिवाय गावात कोणाचा बाप कधी अटक होईल सांगता येत नाही, आणि जिवंत माणूस एकच.

बेबा गाद्यांशिवाय सासरी गेली. गाद्या मुद्देमाल म्हणून मालखान्यात होत्या. केस दीड वर्ष चालली. आषाढात मालखान्याचं छप्पर गळलं आणि एका गादीतल्या सरकीला कोंब फुटले. पुढच्या तारखेला मुद्देमालात दोन पानं जास्त भरली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो हिरवा कोपरा पाहिला, परत एकदा "गाद्या?" म्हणाले आणि भाऊंना ताकीद देऊन सोडलं.

बाभळीचा दावा मात्र जोरात सुरू आहे. पहिल्यांदा पुकारा झाला, "उखर्डू किसन पाटील हाजिर?" आणि भाऊ "हाजिर!" म्हणाले, तेव्हा समोरच्या बाजूनं तोतारामनानांनी टाळी वाजवली. कोर्टानं त्यांना समज दिली. दोघं एकाच एस.टी.नं जातात, एकाच शिदोरीतलं खातात, आणि कोर्टात गेले की एकमेकांना खोटारडा म्हणतात. तडजोड करा असं सुचवणाऱ्या एका न्यायाधीशावर दोघंही नाराज आहेत.

पण या सगळ्याच्या आधी, वारसाची नोंद मंजूर झाल्याचं तलाठी अण्णांनी कळवलं, तेव्हा भाऊ अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून चावडीत गेले. मी बरोबर होतो. मागे सरपंच, त्यांच्या मागे पंधरावीस जण, सगळ्यांच्या खिशात आपापल्या बापाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या. अण्णांनी बुक उघडून भाऊंपुढे सरकवलं. वर कंसात किसन लहानू. खाली उखर्डू किसन.

भाऊंनी बोट ठेवून दोन्ही नावं वाचली. मग बोटानं तो कंस मापला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. "चुकलं का काही?"

"नही, बराबर हाये," भाऊ म्हणाले. "पन कंस जरा मोठा काहाडायचा ना, अण्णा. आबा अंगानं थोराड व्हते."